फाटकावरची दोन मिनिटं

"माझं नाव चोरीला गेलंय," समोरच्या खुर्चीतली बाई म्हणाली.

भावोजींनी वहीत लिहिलं, 'चोरी : नाव.' पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. घड्याळ, अंगठी, फार तर पाळलेला पोपट, इथवर त्यांची तयारी होती. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या माणसानं नावाचं चित्र काढावं तरी कसं?

वहिनींनी चष्मा कपाळावर चढवला. तीस वर्षं वाचनालय सांभाळल्यावर त्यांनी दारावर 'खासगी तपास' अशी पाटी लावली, तेव्हा सगळे हसले होते. त्यांच्या धाकट्या दिरानं, म्हणजे भावोजींनी, हसू आवरून ती पाटी रंगवून दिली होती.

"सावकाश सांगा," वहिनी म्हणाल्या. "आणि भावोजी, पेन्सिल पुरे. कान द्या."

बाई संशोधक होती. कचेऱ्या आणि कारखाने आपल्या माणसांचं काम कसं मोजतात, यावर तिची संस्था अभ्यास करते. दोन वर्षं एका बस आगारात बसून तिनं एक निबंध लिहिला होता. वीस तारखेला तो एका नामांकित नियतकालिकात छापून आला. त्यावर दोन नावं होती, संस्थेच्या संचालकांचं आणि तिच्या सहकाऱ्याचं. तिचं नव्हतंच.

"मी तक्रार केली, तर माझ्यावरच उलटली. आज चार वाजता समिती बसणार आहे. निबंध माझा आहे हे सिद्ध झालं नाही, तर खोटा दावा केला म्हणून मला काढून टाकतील. पुन्हा कुठली संस्था दारात उभं करणार मला?" भावोजींना तिची फार दया आली.

"निबंधात काय आहे?" वहिनींनी विचारलं.

बाई चकित झाली. "हे अजून कुणी विचारलंच नव्हतं. आगारात नियम असा, की दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की चालकाच्या नावापुढे काळी खूण. नोंदी पाहिल्या तर बरोब्बर दहा मिनिटं उशिरा आलेल्या गाड्या ढीगभर. अकरा-बारा मिनिटांची एकही नाही. सगळ्यांना वाटलं, चालक लबाडी करतात."

"आणि करत नव्हते?"

"नाही. फाटकावरचे नोंद लिहिणारे करत होते. एखादा गरीब चालक बारा मिनिटं उशिरा आला की ते दहा लिहायचे. पण दिवसाची बेरीज वरच्या कचेरीशी जुळावी लागते. मग ती दोन मिनिटं वेळेवर येणाऱ्या एखाद्याच्या नावावर चढवायचे. त्याला काय, दोन मिनिटांनी काळी खूण थोडीच लागते!"

"फाटकवाल्यांना विचारावं, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"बोलता बोलता कुणीतरी म्हणालं होतं. कोण, ते आठवत नाही."

"आठवून बघा," वहिनी म्हणाल्या आणि उठून चपला घालू लागल्या.

संस्थेच्या लांबलचक बोळात काचेमागे एक टंकलेला कागद लावलेला होता. भावोजींनी तो वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला. त्यांना दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

'गुणपत्रक. दिनांक ५. छपाईला स्वीकारलेल्या प्रत्येक निबंधाचे बारा गुण, लेखकांमध्ये समान वाटून. वर्षअखेर वीसपेक्षा कमी गुण असणाऱ्यांची नेमणूक संपेल.' खाली नावं आणि आकडे. संचालक सेहेचाळीस. सहकारी वीस. संशोधक बाई तेवीस.

"या मागच्या दाराजवळच्या टेबलावर कोण असतं?" वहिनींनी विचारलं.

"मावशी," बाई म्हणाली. "कार्यालय त्याच चालवतात. टंकलेखन, टपाल, गुणपत्रक, सगळं. बावीस वर्षं."

मावशी केस पांढरे झालेल्या, ठेंगण्या आणि लगबगीच्या होत्या. त्यांनी न विचारता चहा आणला आणि बाईच्या खांद्यावरून हात फिरवला. "जेवलीस का गं? तोंड बघ कसं सुकलंय!" भावोजींना त्या फार आवडल्या.

संचालक मात्र फणसासारखे निघाले, फक्त आतले गरे कुठे दिसेनात.

"ज्याचा फॉर्म आला तो लेखक, ज्याचा नाही आला तो लेखक नाही," ते म्हणाले. "नियतकालिक प्रत्येक लेखकाकडून सहीचा वेगळा फॉर्म मागतं. माझा गेला, सहकाऱ्याचा गेला. हिचा गेलाच नाही."

"पण मी सही केली होती!" बाई कळवळली.

"कधी?" वहिनींनी विचारलं.

"वर्षाच्या सुरुवातीला. आम्ही बाहेरगावी असतो ना, म्हणून सगळेच पाच-पाच कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवतो. मावशी लागेल तसे भरून पाठवतात."

"ते कपाट उघडंच असतं," संचालक घाईघाईनं म्हणाले. "कुणीही काढू शकतं."

"निबंध वाचलात तुम्ही?"

संचालक खोकले. "लेखकच आहे मी त्याचा."

"तसं नाही विचारलं," वहिनी गोड हसल्या.

विषय बदलायला संचालकांनी संस्थेचा वार्षिक अहवाल पुढे सरकवला. "दहा तारखेला छापून आला. प्रस्तावना माझी." भावोजींनी सातवं पान उघडलं. 'आम्हा तिघांचा आगारावरील निबंध लवकरच प्रसिद्ध होत आहे…' तिघांचा! भावोजींनी वहीत उद्गारचिन्ह काढलं. मग त्याला घाबरून खोडलं. माणूस आज एक म्हणतो, उद्या दुसरं, म्हणजे हाच चोर का? की चोरानं असं छापलं नसतं?

सहकारी तळघरातल्या खोलीत भेटला. जाड भिंगांचा चष्मा, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं.

"मी चौदावर अडकलो होतो," तो म्हणाला. "दोन तारखेपासून आईला घेऊन दवाखान्यात होतो. नोकरी जाणार हे धरूनच चाललो होतो. बारा तारखेला एका शाळेत अर्जसुद्धा देऊन आलो. सोळाला परत आलो, तर फळ्यावर वीस! मला वाटलं, देवच पावला."

"वीस कसे झाले, हे नाही पाहिलंत?"

तो खाली बघू लागला. "भरलेलं ताट कुणी उलटून बघतं का हो?"

बाहेर आल्यावर भावोजींनी वहिनींना कोपऱ्यात गाठलं. "वहिनी, सरळ आहे! बारा गुण तिघांत वाटले तर चार-चार. चौदा आणि चार अठरा, म्हणजे हा बाहेर. दोघांत वाटले तर सहा. चौदा आणि सहा वीस! फायदा याचा, म्हणून चोर हाच."

"गणित बरोबर आहे, भावोजी."

"मग?"

"मग शाळेतल्या अर्जाचं काय करायचं? ज्यानं नोकरी वाचवायला चोरी केली, तो आठवड्यानं दुसरीकडे भीक मागायला जाईल?"

भावोजींनी वही मिटली. डोक्याचा पार भुगा झाला होता. चोरी झाली होती, एकाला फायदा झाला होता, पण फायदा झालेला माणूस चोर नव्हता, आणि नियम सांगणाऱ्यानं आपल्याच अहवालात नियमाविरुद्ध छापलं होतं. घड्याळ साडेतीन दाखवत होतं.

चारला समितीच्या खोलीत संचालक, सहकारी आणि बाहेरून आलेले दोन वयस्कर सदस्य बसले. बाई कडेला हातरुमाल पिळत उभी होती. मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि परत निघाल्या.

"मावशी, बसा ना," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याशिवाय कसं सुरू करणार?"

मावशी दाराजवळच्या खुर्चीवर टेकल्या.

"मला या संस्थेतलं काही कळत नाही," वहिनींनी सुरुवात केली. "पण वाचायला येतं. आज दुपारी मी हा निबंध वाचला. इथे तो एकीनं लिहिला, दोघांनी त्यावर सही केली, आणि बहुतेक कुणी वाचला नाही. वाचला असता तर मला बोलवावंच लागलं नसतं."

"म्हणजे?" संचालक.

"निबंध सांगतो, रेषेवर माणसं गर्दी करून दिसली, तर त्या माणसांवर संशय घेऊ नका. आकडा लिहिणाऱ्याकडे बघा. तुमच्या बोळात एक माणूस बरोब्बर रेषेवर उभा आहे, वीस. त्याला उचलायला दोन गुण कमी पडत होते. ते कुणाच्या तरी वाट्यातून काढायचे, तर अशाच्या, ज्याला गेल्याचं दुखणार नाही. बाईंचे या निबंधाशिवाय तेवीस होते. त्या सुरक्षित होत्या, वेळेवर येणाऱ्या चालकासारख्या."

भावोजींच्या हातातली पेन्सिल थांबली. चहाच्या ट्रेकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

"पुरावा?" एक सदस्य म्हणाले.

"तारखा. निबंध छापून आला वीस तारखेला. नावं दोनच आहेत हे सगळ्यांना तेव्हा कळलं. दहा तारखेला संचालक अजून 'तिघांचा' म्हणत होते, म्हणजे त्यांना माहीत नव्हतं. बारा तारखेला सहकारी नोकरी शोधत होते, त्यांनाही माहीत नव्हतं. पण काचेमागचं गुणपत्रक आहे पाच तारखेचं. त्यात बारा गुण दोघांतच वाटलेले आहेत. पाच तारखेला फक्त एका माणसाला ठाऊक होतं की फॉर्म दोनच गेलेत. ज्यानं ते भरले, पाठवले, आणि मग पत्रक टंकलं."

मावशी उठल्या, बाहेर गेल्या, आणि एक फॉर्म घेऊन परत आल्या. बाईची सही, वर मावशींच्या वळणदार अक्षरात निबंधाचं नाव, आगार, तारीख, सगळं भरलेलं.

"भरला होता मी," मावशी म्हणाल्या. "पाकिटात घालताना याच्या आईचा फोन आला. मुलाची नोकरी जाणार म्हणून रडत होती. मी हा मागे ठेवला. फाडवला नाही माझ्यानं." त्या बाईकडे वळल्या. "तुझे तेवीस होते गं. मला वाटलं, हिला काय कमी आहे? प्रकरण इतकं वाढेल असं वाटलं नव्हतं, आणि वाढल्यावर तोंड उघडायची हिंमत झाली नाही. चूक झाली."

"मावशी, मला एकदा विचारायचं तरी! मी रस्त्यावर येत होते!" बाई रडू लागली. तिला राग आला होता, आणि मावशींवर रागावता येत नाही याचाही राग आला होता.

सहकारी उभा राहिला. "माझे अठरा करा," तो म्हणाला. "मी शाळेतच जातो."

"एक गोष्ट राहिली," वहिनी म्हणाल्या. "सकाळी विचारलं होतं. फाटकवाल्यांना विचार, असं तुम्हाला कोण म्हणालं? आठवलं?"

बाईनं डोळे पुसले. मग हळूच तिचा चेहरा बदलला. "मुलाखती टंकायला दिल्या होत्या… तेव्हा…" ती मावशींकडे बघत राहिली. "तुम्ही म्हणालात. 'अगं, चालकांना काय विचारतेस? लिहिणाऱ्याला विचार. लिहिणाऱ्यालाच दया येते.'"

"म्हणाले असेन," मावशी म्हणाल्या. "तोंडाला येतं ते बोलते मी."

"अख्खा निबंध त्या वाक्यावर उभा आहे. आणि मी आभारातसुद्धा तुम्हाला…"

समितीनं दावा खरा ठरवला. मावशींना लेखी समज मिळाली, कोऱ्या सह्या बंद झाल्या, आणि सहकाऱ्याला सहा महिन्यांची मुदत. "दोन गुणांसाठी इतकं रामायण!" असं पुटपुटत संचालकांनी निबंध मागून घेतला आणि पहिल्यांदाच उघडला.

दुरुस्तीचं पत्र बाईनं तिथेच, स्वतःच्या हातानं लिहायला घेतलं. स्वतःचं नाव पहिलं, सहकाऱ्याचं दुसरं, संचालकांचं तिसरं. चौथ्या ओळीवर तिनं पेन टेकवलं आणि ती थांबली.

"मावशी," तिनं विचारलं, "तुमचं नाव काय?"

संचालकांनी सहकाऱ्याकडे पाहिलं, सहकाऱ्यानं सदस्यांकडे. बावीस वर्षांत कुणालाच गरज पडली नव्हती. मावशींनी पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, दोनदा, म्हणजे लिहिताना चूक व्हायला नको.

भावोजींनीही ते वहीत लिहून घेतलं, सकाळी लिहिलेल्या 'चोरी : नाव' या ओळीच्या शेजारी.