धोट्यामागचं पीस

पहिल्याच भेटीत त्याने मासा सोडून माझी सुताची लड गळाला लावली! नाईक तलावावर मी रंगवलेलं सूत धूत होते. मागून काठी फिरली अन् — सर्रकन — लड हवेत!

“काय जी, डोळे फुटले काय? मासे तिकडं आहेत!”

“माफ कर बाई… हे आमिष पुढं जातच नाही.”

तो ओशाळून हसला. गालाला खळी पडली, अन् माझं भांडण तिथंच अर्धं झालं.

कृष्णकांत त्याचं नाव. आमच्याच कोष्ट्यांतला, गिरणीत कारकून. विलायतेला परतणाऱ्या साहेबाने त्याला आपली गळाची काठी देऊन टाकली होती. नदीतले मोठाले मासे ओढायची, चांगली जाडजूड. अन् आमिष काय, तर कोंबडीच्या पिसांचा खोटा बेडूक! एवढ्याशा वजनाने ती काठी वाकेल कशी? पीस आपलं पायाशीच पडायचं.

मग काय, दर रविवारी मी धुवायला जास्तीचं सूत काढू लागले. कौशल्यावहिनी तोंडाला पदर लावून हसायची.

“पिसाले शिसं बांधून पाहा ना जी,” एकदा मी त्याला सुचवलं.

“बांधलं. बुडते. मरळ पाण्यावरचं खाते, तिले तरंगतं पायजे.” मग मान खाली घालून, “भागीरथा… त्या शेवाळापलीकडं ज्या दिवशी हे पीस पडन ना, त्या दिवशी तुह्या बाबाले भेटायले येतो.”

ऐकून हरखले… अन् लगेच संताप! पुढच्या सोमवारी उमरेडचे पाहुणे मला पाहायला यायचे होते, अन् हे महाशय पिसाची वाट पाहणार!

“आजच काहून नाही?”

“हिंमत होत नाही वं. एक काम जमलं, का दुसऱ्याची हिंमत येते.”

तणतणत घरी आले. बाबा मागावर बसलेले. धोटा या टोकाहून त्या टोकाला सुसाट पळत होता, अन् त्याच्यामागे बारीक धागा… मी दारातच थबकले. अगं बाई! वजन पिसाला कशाला? वजन पुढे पळू दे, पीस मागून येईल!

मोडक्या धोट्याचा बोटभर लाकडी तुकडा, पिसाहून जड पण तरंगणारा, घासून गुळगुळीत केला. रविवारी तो दोरीला बांधला, मागे हातभर रेशीम, अन् रेशमाच्या टोकाला पीस.

“फेका आता!”

काठी पहिल्यांदाच वाकली. लाकूड सणसणत निघालं, मागे पीस — शेवाळ ओलांडून पाण्यावर टपकन!

“गेलं! गेलं वं भागे!”

आम्ही दोघंही लहान पोरांसारख्या उड्या मारत होतो, तोच पाणी उसळलं. दोरी ताणली. मरळ!

“मासा का माहे बाबा, लवकर ठरवा जी. उद्या मले पाहायले उमरेडचे येऊन राहिले!”

त्याचा चेहरा उतरला. “आधी काहून नाही सांगितलं?”

“तुम्ही भेवून यावं असं नव्हतं मले वाटत. मनानं यावं…”

 मग थरथरती काठी त्याने माझ्या हातात कोंबली.

“तू मासा धर. मी बाबाले धरतो!”

अन् अनवाणी पळत सुटला. इकडे मरळ मला पाण्यात ओढतेय, अन् मी हसू आवरत ओरडतेय —

“अहो जी! आमचं घर तिकडं नाही!”

तो गर्रकन वळला, मला ओलांडून दुप्पट जोरात पळाला.