एक जण पाहत आहे

कास्त्रो गावाच्या खाडीत लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या आपल्या घरात एदुविना पाहुणे ठेवायची. तीन खोल्या, सकाळी चुलीवर भाजलेला बटाट्याचा मिल्काओ आणि खिडकीखाली भरतीचं पाणी, एवढंच तिचं भांडवल.

वेबसाइट तिच्या भाचीने, यास्नाने करून दिली होती. बुकिंगची सोय करायला एखादा डेव्हलपर गाठावा असं एदुविनाच्या मनात होतं, पण यास्नाने ते उडवून लावलं. "मावशी, शिवलेले कपडे दुकानात मिळत असताना शिंपी कशाला? प्लगइन टाकायचं की झालं."

तिने एक तारखांचं टाकलं, एक पैसे भरण्याचं, आणि एक हौसेने: आत्ता ही खोली किती जण पाहत आहेत, हे प्रत्येक फोटोखाली दाखवणारं.

पहिल्या दोन खोल्यांखाली कधी पाच, कधी आठ असा आकडा हलत राही. कोपऱ्यातल्या खोलीखाली मात्र नेहमी एक. सकाळी एक, दुपारी एक. बटाटे किसता किसता एदुविना फोनकडे बघायची. आधी तिला बरं वाटलं, कुणीतरी यायचं म्हणतंय. मग हळूहळू ती फोन पालथा ठेवू लागली.

शेवटी तिने आंकुदच्या रेमिहिओला बोलावलं. तो डेव्हलपर. धुक्याने बोटी थांबवलेल्या एका दुपारी तो बसने आला आणि चुलीशी बसून तिची तक्रार ऐकताना हसला.

"एदुविनाबाई, हे आकडे खोटे असतात. गिऱ्हाइकाने घाई करावी म्हणून. पाहत कुणीच नसतं."

तिची खात्री पटावी म्हणून त्याने प्लगइनचा कोड उघडला. वाचता वाचता त्याचं हसू मावळलं.

"यातून तीन ते नऊ यांमधलाच आकडा निघतो," तो हळूच म्हणाला. "एक... निघायलाच नको."

चुलीत ओलं लाकूड धुमसत होतं. एदुविनाने कोपऱ्यातल्या दाराकडे पाहिलं.

"हे काढलं, तर तो पाहायचा थांबेल?"

"तो कोण?"

मग तिने सांगितलं. ती खोली तिच्या धाकट्या भावाची, नोल्बेर्तोची. शिंपले काढायला म्हणून तो होडी घेऊन गेला, आणि ना तो सापडला ना होडी. कित्येक वर्षं खोली बंद होती. याच वर्षी तिने त्याचे कपडे काढून टाकले आणि पलंगावर नवी चादर घातली.

रेमिहिओने तो कोड पुन्हा एकदा वरपासून वाचून पाहिला.

"काढलं तर आपल्याला दिसायचं थांबेल," तो म्हणाला. "माझ्या हातात तेवढंच आहे."

त्याने ते काढलं. बुकिंगचं सगळं नव्याने, ओळ न् ओळ स्वतः लिहून दिलं. फोटोंखाली आता काही हलत नव्हतं, आणि एदुविनाला पुन्हा झोप लागू लागली.

कोपऱ्यातल्या खोलीत पहिली उतरली ती तेमुकोची एक शिक्षिका. सकाळी न्याहारीला बसल्यावर ती ताटाला हात लावेना. मग दबक्या आवाजात म्हणाली, "खिडकीखाली होडीत एक गृहस्थ बसलेत... पहाटेपासून. ओलेचिंब झालेत. मी हाक मारली, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या मागे, खोलीत बघत होते... तुम्ही त्यांना आत का घेत नाही?"

एदुविना मागच्या जिन्याने खाली उतरली. ओहोटी होती. पाणी दूर सरकलं होतं आणि राखाडी चिखल धुक्यापर्यंत उघडा पडला होता. होडी कुठेच नव्हती. चिखलातून होडीच्या तळाची एक खोल, ताजी रेघ मात्र थेट घराच्या खांबांपाशी आली होती.

परत गेल्याची रेघ नव्हती.