तासभर गप्प

सात वर्षांच्या त्या मुलीला सगळा वॉर्ड टकळी म्हणायचा. तिला तासभर गप्प ठेवायचं म्हणजे फोटोवाल्या काकांना घाम फुटायचा. बावीस वर्षं स्कॅनचं मशीन चालवून ते विटले होते. लहान मुलांचे स्कॅन असले की अंगातला जीवच जायचा.

पण नियम म्हणजे नियम. किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन दिलं की तासभर हलायचं नाही, बोलायचं नाही. जो स्नायू राबतो तो साखर ओढतो आणि फोटोत उजळतो. कॅन्सरची गाठही तशीच उजळते.

"आज स्वच्छ आलं तर औषधं बंद ना, दादा?" तिच्या आईनं विचारलं. तिला दिवस गेले होते, म्हणून खोलीबाहेरच थांबायचं होतं.

"डॉक्टर सांगतील, ताई."

काका काचेमागे बसले. टकळी पांघरुणात निपचित पडली होती. तासभर त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. ओठ एकदाही उघडले नाहीत. फक्त मध्येच ती कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसली.

स्कॅनमध्ये छाती स्वच्छ होती, पोटही. गळा मात्र लखलखत होता.

"बडबडलीय कार्टी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बोलताना राबतात तेच स्नायू आहेत."

"चकार शब्द काढला नाही हो तिनं."

"नक्की? मग गळ्यातला तुकडा काढून तपासावा लागेल. विचारा तिला."

काकांनी आधी कॅमेऱ्याचं चित्रण दोनदा पाहिलं. ओठ मिटलेलेच होते.

ते टकळीजवळ गेले. ती हो म्हणाली तर सुटणार होती. "खरं सांग, बोललीस?"

"तोंडानं नाही. तो म्हणाला, तोंड उघडू नको, काका रागावतील."

"कोण तो?"

"खुर्चीतला. त्याला सोबत नाही कुणाची. मला म्हणाला, तू थांब."

काकांनी वळून कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं.

"मग?"

"मी म्हटलं, आई वाट बघतेय. काका रोज इथंच असतात, त्यांना विचार."

काकांनी कागदावर लिहिलं : मुलगी बोलली.

टकळी आईचं बोट धरून घरी गेली.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"आवाज किती बसलाय तुमचा! एवढं कुणाशी बोललात?"

दुपारपासून काका काचेमागे एकटेच बसले होते.