दोरीला गाठी मारणारा शहादेव

शहादेवला चालायची रीतच नव्हती. सोबत बायामाणसं असली की जरा मागं वळून बघावं. हा आपला ढांगा टाकत पुढं, आणि बोलणार कुणाशी, तर दगडांशी.

मी आणि माझी लेक मनकर्णा दर महिन्याला गेवराईहून दूध संस्थांच्या सभेला बीडला जायचो. सभा कधी वेळेवर सुरू झाली नाही. शहादेव धारूरकडच्या एका संस्थेचा सेक्रेटरी; पहिल्याच खेपेला म्हणाला, तवर कंकालेश्वर दाखवतो. कुंडातलं पाणी खाली गेलतं, पण देवळाची सावली मावंल एवढं होतं. मनकर्णा पाण्याकडं बघत राहिली, आणि हा पाण्यातल्या मनकर्णाकडं... मला दिसलं. दुसऱ्या खेपेला राजुरी वेस. तिथं तिची वेणी सुटली, तर ह्यानं खिशातून काय काढून द्यावं? सुतळी.

तिसऱ्या खेपेला खजाना विहीर. दुष्काळ असून आत पाणी. शहादेव खाली उतरला आणि दोरीला गाठी मारत कमानी मोजू लागला. मला वाटलं, विहिरीचं नाव खजाना, म्हणजे हा गुप्तधन शोधणारा! तोंडावर विचारलं तसं. लाजला बिचारा. वस्तीवर जुनी बारव गाळानं बुजलीय, म्हणाला; इथं पाणी कसं येतं ते बघून तिथले झरे मोकळे करायचेत.

"मंजी आमाला विहिरीपायी फिरवलं?" मनकर्णा हळूच बोलली.

"विहीर तर एकटाबी बघतो..." त्याची नजर दोरीवर. "सभेच्या दिसाची वाट बघतो, ती तुमच्यापायी."

बहात्तरच्या दुष्काळात मी दोन कोसांवरून डोईवर पाणी आणलंय. तवाच शपथ घेतली होती, कोरड्या गावात लेक देणार नाही. म्हणून विचारलं, वस्तीवर पाणी किती? आमच्याकडं सोयरिकीला पाहुणे यायचे म्हटलं की शेजारचं पाणी आणून रांजण भरून ठेवतात. वाटलं, हाबी तसंच काही दाखवील.

"चौथ्या दिसाला टँकर येतो, काकू. बारव उपसायला अजून दोन सालं जातील. लपवत न्हाई."

मनकर्णा खाली उतरली, दोरीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, एक कमान राहिलीय. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही... माझीच लेक.

मी वरच्या पायरीवरूनच सांगितलं, "शहादेव, लेक दिली. लग्न तुज्याच वस्तीवर. वऱ्हाडाचं पाणी आमी गाडीत भरून आणू. तुज्या टँकरच्या घागरीला एकबी वऱ्हाडी हात लावणार न्हाई."