झाकणावरची नावं

"खाऊ नकोस! आधी तपासायची!" प्रबुद्धने शेजारच्या अपूर्वाच्या हातातली चकली हिसकावली आणि कागदावर घासली. डाग पडला. "बघ, उजेड आरपार दिसतोय. स्निग्ध पदार्थ!"

"झकास! आता चकली दे, यार."

घाटकोपरच्या गॅलरीत सुट्टीतला प्रकल्प रंगला होता. बटाट्यावर आयोडीन पडताच तो काळानिळा झाला, म्हणजे पिष्ट. अंड्याच्या पांढऱ्या बलकात मोरचूद आणि कॉस्टिक सोड्याचं द्रावण घातलं, जांभळा रंग आला, म्हणजे प्रथिनं. सोड्याला हात मात्र फक्त दहावीतल्या प्रबुद्धदादाने लावायचा, तोही हातमोजे घालून.

त्याच्या धाकट्या बहिणीचं, संघमित्राचं लक्ष आत होतं. तिच्या आजोबांनी, नानांनी, पुन्हा पावडरीचा अर्धा पेला तसाच ठेवला होता.

"गिरणीत सुताला लावायचो ना, तशी खळ लागते ही," नाना हसून म्हणाले. "तुझी आई द्यायची ते पातळ असायचं गं."

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी नानांना प्रथिनांची पावडर सांगितली होती. पण वजन उतरतच होतं. म्हणून रविवारी काका त्यांना नाशिकला नेणार होते. नाना नाशिकला गेले, की आईचं नाव घरात घेणार कोण? आई गेल्यापासून बाबा तर ते नाव निघालं की उठून जात.

खळ? खळ म्हणजे तर पिष्ट! संघमित्राने नानांच्या डब्यातून चमचाभर पावडर आणली. आयोडीनचा थेंब पडला.

काळानिळा!

"अगं, हे तर पिष्ट!" अपूर्वा ओरडली.

"माझ्या स्वयंपाकघरात रंगपंचमी नको हं!" लताआत्या आतून गरजली.

"आत्या, आमच्याकडे राहायला आल्यावर तू डबे घासलेस ना?" संघमित्राने विचारलं.

"पंधराही डबे. लखलखीत!"

सगळे डबे एका मापाचे. आणि आईने नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या त्या फक्त झाकणांवर! घासताना झाकणांची अदलाबदल झाली होती.

'आरारूट' झाकणाच्या डब्यातली पावडर प्रबुद्धने तपासली. जांभळा रंग!

आत्या धावत बाहेर आली. "वाट लागली! पंधरा दिवस मी नानांना आरारूट पाजलं?" मग तिने संघमित्राला जवळ ओढलं. "शाब्बास, पोरी!" तिने काकांना फोन लावला. "नाना इथेच राहतील."

संध्याकाळी नानांनी पेला रिकामा केला. "पातळ! अगदी तिच्यासारखं."

आत्या डब्यांवर नवी नावं चिकटवू लागली. आईच्या अक्षरातली जुनी चिठ्ठी खरवडायला तिने नख लावलं, तोच संघमित्राने झाकण ओढून घेतलं.

"ही राहू दे."

"एका डब्याला दोनदा नाव?" अपूर्वाने विचारलं.

"हो," संघमित्रा म्हणाली, आणि झाकण घट्ट लावलं.