सोनकिड्याच्या आवाजाचं कार्ड

"डबा पत्र्याचाच घ्यायचा, सगळ्यात स्वस्त," ज्योत्स्नाने निकाल दिला. "डबा काही गेम खेळत नाई."

"पण महागाच्या डब्याले समोरून निळा लाइट असते," अंकित कुरकुरला.

"लाइट पाहाचे असन त गणपतीत पाहाजो," त्याची मोठी बहीण रीता म्हणाली.

२००३ सालचा उन्हाळा. परीक्षा संपल्या होत्या, आणि पिपरी मेघेतल्या एका गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून ज्योत्स्ना आणि शेजारची ही दोन भावंडं कागदावर कॉम्प्युटर जुळवत होती. तेव्हा वर्ध्यात तयार कॉम्प्युटर विकत घेणं म्हणजे घरात एक लग्न काढण्यासारखंच होतं. सुटे भाग आणून जोडला तर स्वस्त पडे; पण कोणता भाग घ्यायचा आणि कोणता सोडायचा, ते कळायला हवं. तेरा वर्षांच्या ज्योत्स्नाला ते कळत होतं. हिवाळाभर तिने वाचनालयातली कॉम्प्युटरची मासिकं पानं सुटेपर्यंत वाचली होती. तिचे बाबा मधुकरराव किराणा दुकान चालवत. त्यांनी एक रक्कम ठरवून दिली होती आणि सांगितलं होतं, "एवढ्यात बसव. वर एक रुपया भेटणार नाई."

म्हणून मॉनिटर आला तो बंद पडलेल्या एसटीडी बूथमधला, मागून भोपळ्यासारखा फुगलेला. स्पीकर जुन्या टेपरेकॉर्डरचे. हार्ड डिस्क लहान. "एक गेम खेळून झाला की पुसायचा अन् दुसरा टाकायचा," ज्योत्स्ना म्हणाली. वीजपुरवठ्याची पेटी मात्र तिने हातात तोलून, जड बघून घेतली. आणि जे काही पैसे वाचले, ते सगळे तिने एकाच गोष्टीसाठी ठेवले : ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरची चित्रं काढणारा तो वेगळा मेंदू. तो नसला तर गेममधली गाडी बैलगाडीच्या चालीने चालणार.

"कार्डबिर्ड कायले पाह्यजे?" बाबाराव काकांनी विचारलं होतं. ते तिच्या बाबांचे मोठे भाऊ. त्यांचं बियाणं-खतांचं दुकान होतं. "मोठा प्रोसेसर घे, बाकी सगळं त्याच्यातच येते."

"नाई येत, काका."

"आता तू शिकवशील मले."

ज्योत्स्ना सरळ कार्ड आणायला सेवाग्रामला गेली.

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर रीता-अंकितचा मावसभाऊ नीलेश राहत होता. त्याला त्याचं कार्ड विकायचं होतं. "हे खोलीत राह्यलं त मी डॉक्टर होत नाई," तो म्हणाला. कार्ड नामी होतं. फक्त त्याचा पंखा एकदा निसटला होता आणि नीलेशने तो तांब्याच्या तारेने बांधून टाकला होता. तेव्हापासून कार्ड चालू झालं की काडेपेटीत सोनकिडा कोंडल्यासारखा आवाज येई. मध्येच थांबे, पुन्हा फडफडे.

"आवाज चालन ना तुले?" नीलेशने विचारलं.

"आवाज पडद्यावर दिसत नाई," ज्योत्स्ना म्हणाली. परत येताना ते कार्ड तिने रिक्षात मांडीवर धरलं होतं.

सगळे भाग घरी जमले आणि तिने पेचकस हातात घेतला, तेवढ्यात मधुकरराव आडवे आले.

"तू नाई जोडायचं. करंट लागला त? गुणवंतभाऊ जोडून देईन."

"बाबा, मले येते."

"येते म्हणून काय झालं?"

झालं. तिने निवडलेला एकेक भाग डाळीच्या पोत्यात भरून गुणवंतभाऊंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेला. दोन दिवसांनी डबा जोडून परत आला, तेव्हा त्याच्या स्क्रूवर कागदाचं सील चिकटवलेलं होतं. सील फाटलं की गॅरंटी संपली, असं गुणवंतभाऊंनी बजावलं होतं.

रविवारी सगळं घर गोळा झालं. ज्योत्स्नाने गेम सुरू केला. गाडी दोन वेळा अडखळली, पडद्यावर रंगीत चिखल झाला आणि सगळं गोठून बसलं. गुणवंतभाऊंना बोलावून आणलं. त्यांनी कमरेवर हात ठेवून पडद्याकडे पाहिलं.

"जुनं कार्ड आहे, मधुकरराव. त्यात दम नाई. पोट्टीनं निवडलेला माल, असाच राहीन."

काका हसले. शेजारचे हसले. मधुकररावही हसले. ज्योत्स्नाची कानशिलं पेटल्यासारखी झाली.

"जाऊ दे, मधुकर," काका म्हणाले. "मी नेतो हे मशीन. बिलं छापाले चालन. परवा जीप पाठवतो."

म्हणजे परवा तिचा कॉम्प्युटर खतांच्या पोत्यांशेजारी जाऊन बसणार होता आणि पुन्हा कधी घरी येणार नव्हता. ती गच्चीवर गेली आणि टाकीला तिने अशी लाथ मारली की खालून आई ओरडली.

"टाकीनं काय केलं तुले?" रीता वर आली होती. "ऐक. मघाशी मी मॉनिटरची वायर काढून पुन्हा लावली. नीलेशदादाकडे थे खाली, आडव्या फटीत लागत होती ना? आपल्या डब्यात वर लागली आहे. कीबोर्डच्या वायरपाशी. उभी."

ज्योत्स्ना वळली. एका दमात जिना उतरून ती डब्याच्या मागे पालथी झाली. खालच्या सगळ्या आडव्या फटी पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद होत्या. कारखान्यातून आल्या तशाच. एकही उचकटलेली नव्हती.

"याच्यात कार्डच नाई," ती म्हणाली. "कार्ड बसवलं असतं त पट्टी काढून मॉनिटरची वायर तिथंच लागली असती. सोनकिड्याचा आवाज आला नाई, त मले वाटलं गुणवंतभाऊनं पंखा नीट केला असन."

तिने बाबांना डब्यामागचं सगळं दाखवलं. मधुकररावांनी गुणवंतभाऊंना फोन केला. "आतल्या आत बसवलं आहे, बाहेरून दिसत नाई," असं उत्तर आलं. मधुकररावांनी फोन ठेवला. "पाह्य, त्याचा धंदा आहे तो. सील फोडू नको," ते म्हणाले.

"मग आपलं कार्ड गेलं कुठं?" रीता म्हणाली.

अंकित इतका वेळ नखं खात बसला होता. "मी सांगू? पण आईले सांगाचं नाई. बसस्टँडजवळ गुणवंतभाऊच्या साळ्याचं गेम पार्लर आहे ना? तिथं कोपऱ्यातल्या मशीनवर परवापासून गाडी लोण्यासारखी पळून राह्यली. पोट्टे रांग लावून उभे राह्यतात."

"तू कायले गेलता तिथं?"

"अभ्यासाले," अंकित म्हणाला.

तिघं तिथे जाऊन आली. खिडकीत एक अजस्र कूलर वाळ्याच्या ताट्यांतून घोंघावत होता. कोपऱ्यातल्या मशीनला कान लावला, तरी कूलरशिवाय काहीच ऐकू येईना. गुणवंतभाऊ त्याच कूलरसमोर डुलक्या घेत होते. रोज दुपारी ते तिथेच असत.

"दुपारी लाइन जाते," ज्योत्स्ना बाहेर आल्यावर म्हणाली. "कूलर बंद होईन. मशीन मात्र बॅटरीवर चालू राह्यते. तेव्हा मोठी माणसं इथं पाह्यजेत. दोघंही."

"काका येतीन?" रीताने विचारलं.

"काकाले फुकटचं सांगतलं की येतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांसमोर मान खाली घालून उभी राहिली. मान खाली घालणं तिला फार जड गेलं. "काका, तुम्ही मशीन नेताच आहा त गुणवंतभाऊकडून बिलाचा प्रोग्राम आज दुपारीच भरून घ्या ना, थे तवा साळ्याच्या पार्लरमध्ये असतात. मशीन बिघडलं म्हणून फुकट देतीन. बाबालेही घ्या सोबत."

"पाह्य मधुकर, आली अक्कल पोट्टीले," काका खूश झाले. पत्र्याचा डबा जीपमध्ये चढला. तिघं मुलं मागे बसली.

दुपारी पार्लर गच्च भरलं होतं. कोपऱ्यातल्या पडद्यावर एक गाडी सुसाट पळत होती. कूलरच्या आवाजावर आवाज चढवत ज्योत्स्नाने विचारलं, "गुणवंतभाऊ, आमचं कार्ड आमच्याच डब्यात आहे ना?"

"हाव. कितीदा सांगू?" गुणवंतभाऊ हसत म्हणाले. "तुमच्याच डब्यात आहे. शपथ."

आणि लाइन गेली.

कूलर घरघरत थांबला. ताट्यांतून टपटप पाणी गळलं, मग तेही थांबलं. उकाडा अंगावर चालून आला. त्या शांततेत कोपऱ्यातून आवाज आला : काडेपेटीत कोंडलेला सोनकिडा. थांबला. पुन्हा फडफडला.

रीताने अंकितचा दंड दाबला.

"बाबा, ऐका," ज्योत्स्ना म्हणाली. "थे माह्या कार्डाचा आवाज आहे. पंखा तांब्याच्या तारेनं बांधला आहे, गाठ डाव्या बाजूले. या मशीनले मी हातही लावला नाई. दोन्ही डबे उघडा."

"गिऱ्हाइकाचं मशीन असं कसं उघडता येईन?" गुणवंतभाऊ गडबडीने उठले.

"साळा कधीपासून गिऱ्हाईक झाला?" अंकितने विचारलं. रांगेतली मुलं खिदळली.

मधुकररावांनी हात पुढे केला. "पेचकस द्या, गुणवंतभाऊ." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण गुणवंतभाऊंनी मुकाट्याने पेचकस दिला.

पत्र्याच्या डब्यात कार्डाची जागा रिकामी होती. कोपऱ्यातल्या डब्यात तांब्याची तार चमकत होती, गाठ डावीकडे.

"घाईत झालं असन चुकून," गुणवंतभाऊ पुटपुटले. "अदलाबदल."

"चुकून?" मधुकरराव कडाडले. "अन् चार लोकांत माह्या पोरीले मूर्ख ठरवलं, थे बी चुकून?"

"तुम्ही बी हसले होते, बाबा," ज्योत्स्ना म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडण्याचं नव्हतं. मधुकररावांनी पेचकस दोन्ही हातांत फिरवला.

"हाव," ते अखेर म्हणाले. "हसलो होतो. चुकलं माह्यं."

गुणवंतभाऊ कार्ड काढायला वाकले. "आणा, मी बसवून देतो. एक पैसा घेणार नाई."

"हात लावू नका," ज्योत्स्ना म्हणाली. "मी बसवतो."

यावेळी करंटचं नाव कोणी काढलं नाही. मधुकररावांनी स्वतः डब्याची वायर काढून टाकली, पेचकस तिच्या हातात दिला आणि मुलांना बाजूला सारत म्हणाले, "उजेड सोडा. तिले काम करू द्या."

संध्याकाळी घरी गाडी पळाली. रस्त्याकडेची झाडं झाडांसारखी दिसली. सोनकिडा फडफडत होता आणि सगळं घर दाराशी गोळा झालं होतं.

"शाबास," बाबाराव काका घसा साफ करत म्हणाले. "डोकं आहे पोट्टीले. मशीन राहू दे इथंच. दुकानासाठी मले दुसरं निवडून दे."

ज्योत्स्नाने गेम थांबवला. तिचा राग अजून गेला नव्हता.

"देतो. पण मी सांगन थेच घ्यायचं. अन् मधात कोणी म्हटलं की हिले काय समजते, त मी उठून येईन."

काकांनी मधुकररावांकडे पाहिलं. मधुकररावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"बरं, बाई," काका खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "सांग. मोठ्या प्रोसेसरपासून सुरू करायचं?"

"नाई," ज्योत्स्ना म्हणाली. "आधी हे सांगा, त्याच्यावर तुमाले करायचं काय आहे?"

काका विचारात पडले. हे त्यांना आजवर कोणत्याच दुकानदाराने विचारलं नव्हतं.