मोरिवलीची उलटी मेढ

बत्ती जरा खाली करा, डोळ्यांवर येते. हं. आता ऐका. हसायला या गोष्टीत पुष्कळ जागा आहे, पण शेवटी कुणी हसलेलं अजून पाहिलं नाही.

छप्पन साल. दिवाळीनंतरची अमावास्या, शनिवारची रात्र. हरिचंद्र मुकादम निर्वासितांच्या कॅम्प पाचवरून मोरिवली गावाला निघाला होता. काखेत वळकटी, हातात कंदील. काम काय, तर स्वतःच बांधलेल्या घरात एक रात्र झोपायचं.

हा हरिचंद्र आपल्या चांगल्या ओळखीतला. सिंधी निर्वासितांच्या बराकी वसल्या तेव्हा मजूर पुरवून वर आलेला. त्याच्या मते जगात माणसं दोन प्रकारची. एक हरिचंद्र, बाकी बावळट.

मोरिवलीतलं ते घर पाहण्यासारखं होतं, म्हणजे पाहून मान फिरवण्यासारखं. दारं लष्करी बराकीची, त्यांवर अजून गोऱ्यांनी रंगवलेले आकडे. खिडकी मोडीत निघालेल्या मालडब्याची. कौलं तीन गावांची, रुसलेल्या व्याह्यांसारखी एकमेकांत न बसणारी, आणि ते झाकायला खाली चुना मारलेलं फळ्यांचं छत. घर कसलं, जुना बाजार उभा केला होता. जुना माल घेण्यात वाईट काही नाही, पण घेताना विचारायची रीत आहे. शहाडला एक सिंधी शेट होता, जुना पलंग घेताना आधी विचारायचा, "साईं, इसपे मरा कौन?" लोक हसायचे. शेटला झोप मात्र छान लागायची.

हरिचंद्राने विचारलं नाही. घराची मेढ, म्हणजे मधला मुख्य खांब, त्याने गावातल्याच भीमा नावाच्या म्हाताऱ्याच्या मोडलेल्या घरातून उचलली. भीमाच्या आज्याने बारवीच्या रानातून ऐनाचं ते खोड ओढत आणलं होतं. त्याच्या बुडाशी पाठ टेकून भीमा आयुष्यभर बसला, तिथेच जेवला, तिथेच खोकला. भीमाचं ते घर कारखान्याच्या रस्त्यात गेलं, आणि पुढचा पावसाळा काही भीमाने पाहिला नाही.

जमिनीत राहून मेढीचं बूड ओलीने पोखरलं होतं. हरिचंद्राने ते वीतभर कापलं आणि मेढ उलटी रोवायला सांगितली. शेंडा जमिनीत, बूड वर छताला. नाथा सुताराने हात थांबवला.

"मुकादम, बूड खालीच पाहिजे. झाड उभं असतं तसं. हे तर पोरं पण सांगतील."

"झाड होतं तेव्हा होतं. आता लाकूड आहे. लाकडाला कसलं डोकं आणि कसले पाय? ठोक."

पहिला भाडेकरू पळाला. रात्री वर कुणी बसून खोकतं, म्हणाला. दुसराही पळाला. एकदा वाटेत भीमाची म्हातारी भेटली, येसू. हरिचंद्रानेच टोमणा मारला, "काय गं, तुझा म्हातारा घर अडवून बसलाय."

येसूने डोक्यावरची मोळीही उतरवली नाही. "तो मेढीच्या बुडाशी बसायचा, मुकादम. तुमी बूड वर नेला, त तो पन वर गेला. त्याचा काय चुकला?"

हे सगळं हरिचंद्राने हसण्यावारी नेलं असतं. पण त्याची मुलगी वृंदा लग्नाची होती. कारखान्यातले हेडक्लार्क विष्णुपंत, त्यांच्या शरदचंद्राशी सोयरीक ठरत आलेली. जोडपं याच घरात राहणार, असा बेत. विष्णुपंत गोड माणूस. म्हणाले, "हरिचंद्रराव, घराबद्दल काहीबाही ऐकतो. आपण एक रात्र झोपून बघा. सकाळी आम्ही येतो. झोप लागली म्हणालात, की तिथेच सुपारी फोडू. नाही तर राहिलं."

बायको उमा म्हणाली, "त्यापेक्षा मेढ सुलटी करून घ्या ना."

"म्हणजे मुकादम घाबरला, अशी दवंडी पिटू?"

तर पोचला. अंथरूण टाकलं. कंदील उशाशी, चपला दाराशी. आडवं होताना वर बघून म्हणालाही, "काय भीमा, बरं आहे ना?" आणि घोरायला लागला.

रात्री कधीतरी जाग आली.

खोकला. म्हाताऱ्या माणसाचा, कोरडा. बाहेरून नव्हता. वरूनही नव्हता…

शेजारून होता.

हरिचंद्र हलला नाही. हळूच उशाशी हात नेला. कंदील नव्हता. डोळे उघडले.

कंदील होता. समोर, लांब… वर. जळत होता. ज्योत खाली लोंबत होती, त्याच्या तोंडाकडे.

कंदिलाशेजारी त्याचं अंथरूण. रिकामं.

शेजारचं कुणीतरी जरा सरकलं. त्याला जागा करून दिली.

"टेका, मुकादम. पाठ टेका. घर तुमचाच हाय."

मग काही नाही. खोकलाही नाही…

सकाळी तो अंथरुणातच होता. कंदील विझलेला. दारात विष्णुपंत, शरदचंद्र, आणि चहाची किटली घेऊन वृंदा.

"झोप लागली?" विष्णुपंतांनी विचारलं.

हरिचंद्राने वृंदाकडे पाहिलं. खरं बोलावं तर सोयरीक जाते. खोटं बोलावं तर पोर या छताखाली नांदते. माणूस क्षणभर थांबला, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. क्षणभरच.

"मस्त," तो म्हणाला. "कूससुद्धा बदलली नाही."

विष्णुपंत हसले, खिशातून सुपारी काढली. हरिचंद्र वळकटी गुंडाळायला वाकला, त्यांच्याकडे पाठ करून.



"बाबा, सदरा," वृंदा म्हणाली. मानेपासून कमरेपर्यंत पाठ पांढरीफटक. तिने झटकायला हात लावला, तळवा चुन्याने भरला. भिंती लाल मातीच्या, जमीन शेणाने सारवलेली. चुना त्या घरात एकाच ठिकाणी मारलेला होता.

विष्णुपंतांनी सुपारी खिशात ठेवली.

शरदचंद्राने मान वर केली. छताच्या फळ्यांवर, मेढीच्या बुडाशी, चुना दोन जागी निघाला होता. अगदी शेजारी शेजारी. एक जागा ताजी. दुसरी जुनी, बसून बसून गुळगुळीत झालेली.